तातडीने मदत हवी: दोन ग्राफिक्स कार्डांना १००० वॅटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) पुरेल का?

रेंडरवाला (शुक्रवार, रात्री ११:१२)
नमस्कार. माझ्या मशीनमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं आहेत. रेंडरला (थ्रीडी चित्रं तयार करायला) लावलं की थोड्या वेळात सगळं धप्पकन बंद. एकच कार्ड लावलं तर रात्रभर चालतं, काही होत नाही. म्हणजे एसएमपीएस कमी पडतोय हे उघड आहे. सध्या ८५० चा आहे. दुकानवाला म्हणतो १००० घ्या, मित्र म्हणतो १२०० घे. उद्या सकाळी इथे इंदूरला सिल्व्हर मॉलला जाऊन आणणार आहे, त्यामुळे आज रात्रीच सांगा. सोमवारी क्लायंटला वॉकथ्रू (थ्रीडी व्हिडिओ) द्यायचा आहे. कंपनीही सुचवा. निबंध नको.

ओहमकार (११:२०)
कार्डं कुठली? ७५ वॅटची दोन असतात, ४५० ची पण दोन असतात. प्रोसेसर? ८५० कुठल्या कंपनीचा, किती जुना?

रेंडरवाला (११:२४)
दोन्ही एनव्हिडियाची आरटीएक्स ३०९०. एसएमपीएस चांगल्या कंपनीचा आहे, गोल्ड आहे. प्रोसेसरचा काय संबंध? रेंडर कार्डावर होतं.

शेंगदाणे (११:२६)
निबंध नको म्हणणाऱ्याच्या धाग्यावर हमखास पन्नास प्रतिसाद पडतात. मी आपला चहा ठेवतो. भिया, आप तो चालू रखो.

जुनीखोड (११:३१)
१००० ही नको, १२०० ही नको. तुमच्याकडे ८५० आहे ना? एक साधा ७५० अजून घ्या आणि दोन एसएमपीएस लावा. आम्ही ग्वाल्हेरला क्रिप्टो मायनिंगच्या (कार्डांवर डिजिटल नाणी काढायच्या) काळात सहा-सहा कार्डं अशीच चालवली. दोन्ही एकदम चालू करणारी छोटी पट्टी मिळते, अगदी थोडक्यात काम होतं. मोठा एसएमपीएस घेणं म्हणजे दुकानदाराच्या मुलीच्या लग्नाला आहेर.

ओहमकार (११:३९)
जुनीखोड, मायनिंगचं गणित इकडे लावू नका. तिथे कार्डं आवळून १२० वॅटवर ठेवलेली असायची आणि बंद पडलं तर फक्त तेवढ्या वेळाची कमाई जायची. इथे ३०९० आहे, एकेक ३५० वॅटचं.
रेंडरवाला, हिशोब असा. दोन कार्डं ७००. बोर्ड, रॅम, पंखे, डिस्क मिळून ८० धरा. प्रोसेसर सांगत नाही आहात, पण रेंडरवाल्यांकडे बहुधा एएमडीचा ५९००एक्स असतो. तो डब्यावर १०५ लिहितो आणि १४२ पर्यंत खातो. झाले ९२०. ८५० तसाही तोकडाच. त्यात ३०९० ची खोड अशी की काही मिलिसेकंदांपुरतं ते लिहिल्यापेक्षा बरंच जास्त ओढतं. दोन्ही कार्डं एकाच वेळी उसळली की एसएमपीएसमधलं संरक्षण म्हणतं 'बस' आणि पाडतं.
पण खरेदीला जाण्याआधी एक सांगा. बंद पडतं तेव्हा मॉनिटरच्या कोपऱ्यातला छोटा दिवा चालू राहतो की तोही जातो?

रेंडरवाला (११:४३)
प्रोसेसर तोच आहे, ५९००एक्स. मॉनिटरही जातो. सगळंच जातं. वायफाय पण जातं, मग फोनचा डेटा चालू करून इथे लिहितोय. मॉनिटरचा काय संबंध आता?

ओहमकार (११:४४)
वायफाय जातं??
राउटर कशावर लावलाय?

रेंडरवाला (११:४६)
यूपीएसवर. सगळं यूपीएसवरच आहे.

शेंगदाणे (११:४७)
चहा उतू गेला.

ओहमकार (११:५२)
यूपीएस आहे हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं हो. किती व्हीएचा? बंद पडण्याआधी बीप वाजतो का?

रेंडरवाला (११:५५)
१ केव्हीए. जुन्या कॉम्प्युटरचा होता. बीप तो नेहमीच करतो, त्याची बॅटरी जुनी आहे म्हणून. १ केव्हीए म्हणजे १००० वॅट नं? मग ९२० बसतात की त्यात.

ओहमकार (शनिवार, १२:०३)
नाही बसत. घरगुती १ केव्हीए यूपीएस साधारण ६०० वॅट देतो, मागच्या लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा. वर ९२० हे एसएमपीएसच्या आतलं, बाहेर पडणारं. भिंतीतून ओढताना त्यात तूट धरावी लागते, गोल्ड असेल तरी हजाराच्या वर जातं. एक कार्ड चालतं कारण तेव्हा भार जेमतेम त्याच्या आवाक्यात राहतो. दुसरं लागलं की यूपीएस ओरडतो आणि सोडून देतो. एसएमपीएस स्वतः पडला असता तर राउटर कशाला गेला असता?
आत्ता उठा, सीपीयू थेट भिंतीच्या प्लगवर लावा, तोही १६ अँपिअरच्या, आणि रेंडर सुरू करा.

जुनीखोड (१२:०८)
म्हणजे मी म्हणत होतो तेच. मोठा एसएमपीएस लागत नाही.

ओहमकार (१२:१०)
तुम्ही ते म्हणत नव्हता.

मृण्मयी_बडोदे (१२:१४)
मी एआय मॉडेल ट्रेनिंगसाठी तीन ३०९० चालवते, म्हणून अनुभवातून. वॅट मोजण्याआधी भोकं मोजा. तुमच्या कार्डांना ८ पिनची किती कनेक्टरं आहेत? कुणाला दोन असतात, कुणाला तीन. आणि एसएमपीएसकडून येणारी केबल एकेकाला वेगळी आहे, की एकाच केबलला पुढे दोन तोंडं फुटलेली आहेत?

रेंडरवाला (१२:४१)
थेट भिंतीला लावलं. चालू आहे. वायफायही आहे, टचवुड.
@मृण्मयी: एकाला दोन, एकाला तीन. केबल दोन तोंडांची आहे, एसएमपीएसबरोबर तशीच आली होती. कंपनीनेच दिली म्हणजे चालतच असणार.

मृण्मयी_बडोदे (१२:४९)
एखाद्या मध्यम कार्डाला चालते. ८ पिनच्या एका कनेक्टरकडून १५० वॅट घ्यायचे ठरलेत, स्लॉटमधून ७५. तीन तोंडांचं ३०९० म्हणजे कनेक्टरांतून तीनशेच्या आसपास, आणि उसळी वेगळी. दोन तोंडं एकाच केबलवर टाकली की तो सगळा भार एसएमपीएसकडच्या एकाच टोकातून जातो. माझ्याकडचं असंच एक टोक काढायला गेले तेव्हा निघेना; प्लास्टिक तपकिरी होऊन सॉकेटला चिकटलं होतं. वास बरेच दिवस येत होता, आम्हाला वाटलं शेजारी काहीतरी जाळतात.
प्रत्येक तोंडाला स्वतंत्र केबल. नवीन एसएमपीएस घेताना डब्यावरचे वॅट नंतर बघा, मागे ८ पिनच्या किती वेगळ्या केबली निघतात ते आधी बघा.

वायरमन_काका (सकाळी ६:१०)
सुप्रभात. वीज खात्यातून निवृत्त आहे, म्हणून दोन शब्द. मुलांनो, तुम्ही सगळे वॅट वॅट करताय, अर्थिंगबद्दल कुणीच बोललं नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा पाय लावून बघा, मुंग्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावा, दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. जुन्या घरांत अर्थची तार बोर्डापर्यंत येते आणि तिथेच हवेत लटकत असते. रेंडरवाला, आपलं ऑफिस कुठल्या भागात? प्लगचा, आतला, फोटो टाका.
तसंच इन्व्हर्टरच्या बॅटरीत नळाचं पाणी घालू नये. डिस्टिल्ड वॉटरच घालावं.

शेंगदाणे (८:०५)
काका, इन्व्हर्टर कुणाकडे आहे?

वायरमन_काका (८:१२)
असेल कुणाकडे तरी. वाचेल तो.

रेंडरवाला (९:३३)
रात्री पाऊण तास छान चाललं आणि मग परत पडलं. या वेळी वायफाय गेलं नाही आणि मॉनिटरचा दिवा चालू होता. बटण दाबून सुरूही होत नव्हतं. मागचा स्विच बंद करून पुन्हा चालू केला तेव्हा झालं. म्हणजे एसएमपीएस कमी पडतोय हे मी म्हणालो होतो ते बरोबरच होतं. १००० घेऊ का? दुकान अकराला उघडतं. काका, ऑफिस रामबागेत आहे, जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर.

ओहमकार (९:४५)
हो, आता मात्र एसएमपीएसच. मागच्या स्विचने जागा होतो याचा अर्थ त्याने स्वतःहून कुलूप लावलं होतं. पण सोमवारसाठी धावपळीत काही घेऊ नका. आफ्टरबर्नर (कार्डाच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर) टाका, दोन्ही कार्डांचं पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणा. एकेक साधारण २६० वर येईल. दोघांचे मिळून जवळजवळ १८० वॅट वाचतात, उसळीही दबते, आणि रेंडर फार हळू होत नाही. त्या दोन तोंडी केबली मात्र आधी बदला, डब्यात जास्तीच्या केबली पडल्या असतील.

क्लाउडपुत्र (९:५८)
मला कळत नाही लोक अजून हार्डवेअर का घेतात. तासावर कार्ड भाड्याने मिळतं. ना एसएमपीएस, ना अर्थिंग, ना मे महिना. मी तर घरचं डेस्कटॉपच विकून टाकलं.

मृण्मयी_बडोदे (१०:०४)
सोमवारी द्यायच्या वॉकथ्रूचे टेक्श्चर शनिवारी घरच्या नेटवरून वर चढवून बघा एकदा.

क्लाउडपुत्र (१०:०६)
फायबर घ्या की मग.

जुनीखोड (१०:१५)
पॉवर लिमिट लावायचं तर मायनिंगवालेच बरोबर होते ना! आम्ही तेच करायचो. आणि दोन एसएमपीएसवर कुणी काही बोललं नाही. रायझर (कार्ड बोर्डापासून लांब बसवायची जोडणी) लावा, सॅटाच्या, म्हणजे डिस्कच्या केबलवरून करंट द्या, तिसरं-चौथं कार्डसुद्धा बसतं.

ओहमकार (१०:२१)
बोलतो. सॅटाच्या कनेक्टरवर १२ व्होल्टच्या तीन बारीक पिना असतात, तिघींची मिळून ताकद ५४ वॅट. कार्ड स्लॉटकडून ७५ पर्यंत मागू शकतं. मायनिंगच्या काळातले जळके सॅटा ॲडॉप्टर ज्याने त्याने पाहिलेत, तुम्हीही पाहिले असतील, फक्त सांगत नाही आहात. दोन एसएमपीएस लावायचेच तर एका कार्डाचे सगळे कनेक्टर आणि त्याचा रायझर एकाच एसएमपीएसवर हवेत. त्यापेक्षा एक चांगला मोठा घ्या आणि झोपा.

जुनीखोड (१०:२४)
आमचं एकही जळलं नाही. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमने मायनिंगचं दुकान बंद केलं म्हणून थांबलो, नाहीतर आजही चालू असतं. त्यातलीच कार्डं हल्ली लोक सेकंडहँड घेतात. रेंडरवाला, तुमचीही सेकंडहँडच असणार.

रेंडरवाला (१०:४०)
हो सेकंडहँडच आहेत, त्याचं काय. आणि तिसऱ्याचं बरं आठवलं. पुढच्या महिन्यात अजून एक ३०९० येतंय, बयाणा देऊन झालाय. मग १२०० घेऊ?

ओहमकार (१०:४२)
तिसरं??

शेंगदाणे (१०:४३)
अजून कुणी आहे का घरात? एसी, गीझर, चौथं कार्ड? एकदाच सांगून टाका.

ओहमकार (१०:५५)
सगळा हिशोब परत. तीन कार्डं १०५०, प्रोसेसर १४२, बाकी ८०. झाले १२७०. १२०० तर पडलाच. पूर्ण ताकदीने चालवायचं तर १६०० शिवाय सांगणार नाही. तिन्ही कार्डं २८० वर बांधली तर १०६२ होतात, मग १३०० मध्ये भागेल. पण विंडोज नव्याने टाकलं, लिमिट लावायला विसरलात आणि रेंडर दाबलंत की पुन्हा इथेच याल. नवा घेताना एटीएक्स ३.० किंवा ३.१ (एसएमपीएसचे नवे नियम) लिहिलेला बघा. त्या नियमात १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसणं आलं, ३०९० सारख्या उसळ्या मारणाऱ्यांना तेच हवं. गोल्ड-प्लॅटिनमवर जाऊ नका, ते फक्त वीज किती वाया जाते ते सांगतं. आतला माल चांगला की वाईट हे त्यावरून कळत नाही. कंपनी म्हणाल तर सीसॉनिक किंवा कॉर्सेअरची वरची मालिका, जी इंदुरात वॉरंटीसकट हातात मिळेल ती.
आणि १२७० वॅट भिंतीतून घ्यायला साधारण १३८० लागतील. २३० ने भागा: बरोबर ६ अँपिअर. म्हणजे साधा ६ अँपिअरचा छोटा प्लग तासन्‌तास अगदी कडेलोटावर. एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नाही. १६ चा पॉवर प्लग, तोही एसी ज्या एमसीबीवर आहे त्यावर नको.

वायरमन_काका (११:०२)
शाब्बास. हेच मी म्हणणार होतो. पण रामबागेतल्या त्या वाड्याच्या वायरिंगचा फोटो?

मृण्मयी_बडोदे (११:१०)
तिसरं बसणार कुठे? ही कार्डं तीन-तीन स्लॉट जाड असतात. साध्या बोर्डावर दोनच कशीबशी मावतात, आणि ३०९० ची अर्धी मेमरी कार्डाच्या पाठीवर आहे, म्हणजे वरच्या कार्डाचा पंखा खालच्याची तापलेली पाठ चाटत बसतो. माझी उघड्या फ्रेमवर आहेत, रायझरवर, चांगल्या रायझरवर (जुनीखोडांचे नाहीत). इंदूरचा मे आमच्यापेक्षा बरा असेल कदाचित, पण इतकाही नाही.

शेंगदाणे (११:१३)
बडोद्याहून इंदूरचा मे बरा म्हणणाऱ्यांना छप्पन दुकानवर माझ्याकडून एक पोह्यांची प्लेट.

मृण्मयी_बडोदे (११:१५)
सेव उसळ चालेल. आम्ही पोह्यांवर जिलबी ठेवून खात नाही.

शेंगदाणे (११:१५)
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

रेंडरवाला (दुपारी ४:२०)
७५ टक्क्यांवर चालवतोय, वेगळ्या केबली लावल्या, सकाळपासून एकदाही पडलं नाही. फ्रेमला आधी ४१ सेकंद लागायचे, आता ४४. दुकानात १६०० चा भाव ऐकून परत आलो. तो ऑर्डरवर मागवावा लागेल म्हणाले, चार-पाच दिवस. त्याच्या मागे प्लग वेगळा आहे, जाड, आपल्या नेहमीच्या सीपीयूच्या केबलसारखा नाही, हे बरोबर आहे नं? तिसरं कार्ड कुठे बसवायचं ते आलं की बघू.

ओहमकार (४:३१)
बरोबर आहे, तो सी१९. नेहमीची केबल १० अँपिअरची, ही १६ ची, म्हणून तोंड वेगळं. आणि महत्त्वाचं: ८५० च्या मॉड्युलर (सुट्या निघणाऱ्या) केबली नव्याला लावू नका. कार्डाकडचं तोंड सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडचं नसतं. कंपनी तीच असली तरी नसतं. बसते म्हणून लावली आणि कार्ड गेलं अशी प्रकरणं आहेत.

जुनीखोड (४:४०)
८५० काढणार असाल तर ग्वाल्हेरला पाठवाल का? रास्त भावात. केबलींसकट हवा.

रेंडरवाला (४:४४)
सोमवार होऊ द्या. मग बोलू.

वायरमन_काका (४:५२)
फोटो अजून आला नाही.