मागचं सस्पेन्शन कसं सेट करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी ६५० सीसीची ट्विन सिलिंडर स्पोर्ट बाइक सेकंडहँड घेतली. कितीतरी वर्षांचं स्वप्न होतं. रोज घोडबंदर रोडने ठाणे ते अंधेरी जातो. माझं वजन ९२ किलो.

रायडिंग गिअर (हेल्मेट, जॅकेट वगैरे) घालून बसल्यावर मागचा सॅग, म्हणजे बाइकच्या आणि माझ्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते, ४८ मिमी भरला. रस्त्यावरच्या बाइकला साधारण ३० ते ३५ असावा, म्हणून प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) दोन खाचा वाढवला. आता ४० आहे, पण फ्लायओव्हरच्या लोखंडी जॉइंटवर मागचं चाक उडतं. कोरड्यात सावरतं, पण पावसात तोच जॉइंट साबणासारखा होतो, आणि जून तोंडावर आलाय. घरी लहान मुलगी आहे, त्यामुळे हे अंदाजावर सोडायचं नाही.

टायर प्रेशर थंड असताना कंपनीने सांगितलंय तेवढंच ठेवतो. चेनही ठीक.

शॉकला (मागच्या शॉक ॲब्सॉर्बरला) फक्त प्रीलोड आहे, रिबाउंडचा, म्हणजे दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उसळते ते ठरवणारा, स्क्रू नाही. मग माझ्या वजनाला जड स्प्रिंग घ्यावी, की शॉकचं तेलच गेलं असेल? ते घरी कसं ओळखायचं? ठाणे-अंधेरी पट्ट्यात शॉक उघडून नीट काम करणारं कोणी स्वतः अनुभवलेलं असेल तर कृपया सांगा.