मदत हवी आहे: पिंजऱ्यातल्या खाद्याचा परिणाम सांडपाण्यापासून वेगळा कसा ओळखायचा? (उजनी)

भीमाकाठ

नमस्कार मंडळी,

आमचं गाव उजनीच्या फुगवट्यावर, इंदापूरच्या अंगाला. ओढ्याच्या तोंडाशी पाणी आत शिरलंय, तिथं चिलापी आणि पंगस माशांचे पिंजरे आहेत. त्याच जागी आणखी पिंजरे टाकायचा विषय आता मच्छीमार संस्थेच्या बैठकीत येतोय. जाळंवाले म्हणतात, खाद्यानं पाणी नासलं, पिंजऱ्यांजवळ जाळं ओढलं की काळा, घाण वासाचा गाळ येतो. पिंजरेवाले म्हणतात, पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून इतकी वर्षं इथं येऊन साठतंय, ते सोडून आमची चार पोती दिसली का?

पाणी पिंजऱ्यांच्या आधीपासून हिरवं आहे हे खरंच. पण गाळाचं काय? दोन्हींचा वाटा वेगळा दाखवता येईल अशी गावपातळीवरची तपासणी कुणाला माहीत आहे का? खाद्यातलं नेमकं किती पाण्यात जातं, हेही कुणी आकड्यात सांगितलं तर बरं. 'पुण्यावर केस करा' छापाचे सल्ले नकोत, ते पारावर फुकट मिळतात.

गाळमोजणी

आधी हिशेब. 1 टन चिलापी काढायला साधारण दीड टन खाद्य लागतं. 30 टक्के प्रथिनांचं खाद्य धरलं तर त्यात सुमारे 72 किलो नायट्रोजन असतो. माशाच्या अंगात त्यातला 25 किलोच्या आसपास बसतो, उरलेला पाण्यात. त्यातला बराचसा कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन विरघळतो आणि पसरतो. फॉस्फरसचं तसं नाही. तो बहुतेक विष्ठेतून आणि न खाल्लेल्या गोळ्यांतून सरळ खाली बसतो. तळाशी ऑक्सिजन संपला की गाळातला फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो आणि शेवाळाला मिळतो.

म्हणून नुसतं पाणी तपासून भांडण मिटणार नाही, ते सगळीकडे हिरवंच निघेल. गाळ तपासा. पिंजऱ्याखाली, 50 मीटरवर, 200 मीटरवर, आणि तितक्याच खोलीच्या, पिंजरे नसलेल्या दुसऱ्या ओढ्याच्या तोंडाशी. सगळे नमुने एकाच दिवशी. सांडपाणी दोन्ही ओढ्यांत सारखंच येतंय, त्यामुळे पिंजऱ्याखालचा गाळ लांबच्यापेक्षा स्पष्ट काळा आणि सेंद्रिय निघाला तर तो खाद्याचाच. पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्मही बघून घ्या. मासे थंड रक्ताचे, हे जंतू त्यांचे नव्हेत. ते माणसांकडून येतात, किंवा गुराढोरांकडून नि पाखरांकडून.

पहाटपाळी

मी दुसऱ्या धरणावर पिंजरे सांभाळतो. मीटर दुपारी लावू नका! हिरव्या पाण्यात दुपारी ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि बैठकीत तोच कागद फिरतो. सूर्य उगवायच्या आधी मोजा, वर आणि तळाशीही. मासे पहाटे तोंड वर काढत असतील तर त्या दिवशी सकाळचं खाद्य बंद. न खाल्लेली गोळी म्हणजे पैसे बुडवून वर गाळ विकत घेणं. कोंडा-पेंड टाकणाऱ्यांना तर आधी आवरा, ते पाण्यात पडताच विरघळतं. तरंगती गोळी निदान उरलेली दिसते.

उजनीत दुसरी अडचण पाणी उतरण्याची. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 50 टक्क्यांच्याही खाली, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यात खोलवर गेलं होतं. पावसाळ्यानंतर ऐसपैस वाटणारी जागा मे महिन्यात अशी होते की चार मीटर खोल जाळ्याचा तळ गाळाला टेकायला येतो. नव्या पिंजऱ्यांना परवानगी द्यायची तर मे महिन्यातली खोली धरून द्या.

गाळमोजणी

याला जोडून. इंडोनेशियात सितारुम नदीवरच्या सिराता जलाशयात मंजुरी 12 हजार पिंजऱ्यांची होती आणि पाण्यात 50 हजारांहून जास्त झाले. तिथं तळाचं ऑक्सिजन नसलेलं पाणी वर उसळलं की मासे टनांनी मरतात. म्हणजे फटका आधी पिंजरेवाल्यांनाच बसतो. बैठकीत हे सांगा, जाळंवाल्यांची बाजू घेतली असंही कुणी म्हणणार नाही.

भीमाकाठ

दोघांचेही आभार. शेजारचा ओढा पिंजऱ्यांविना आहे, खोलीही जवळपास तेवढीच, तिथले नमुने घेता येतील. गाळ काढायला यंत्र नाही. साधा पीव्हीसी पाइप खुपसून चालेल का?

गाळमोजणी

तीनचार मीटर पाण्यापर्यंत चालतो. पाइप खुपसल्यावर वरचं तोंड बूच लावून घट्ट बंद करा, मगच ओढा, नाहीतर गाळ वाटेतच गळतो. वरचा पाच सेंटिमीटरचा थर वेगळ्या पिशवीत भरा. नवीन साठलेलं त्यातच असतं.