जुन्या ऊस ट्रॉलीला ब्रेक बसवायचे, की वजन कमी करायचं?

माढ्याचा_शेतकरी
गळीत हंगाम जवळ आला की आपल्याकडे ट्रॉलीचे टायर बघतात, पाटे बघतात, रंग मारतात. ब्रेकचं नाव कुणी काढत नाही. माझं मत स्पष्ट आहे. महामार्गावर जाणाऱ्या ट्रॉलीला, ती कितीही जुनी असो, स्वतःचे चालू ब्रेक असलेच पाहिजेत.

साधा हिशोब बघा. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास आणि मागे दहा-बारा टन ऊस. ब्रेक लागतो तो फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. मोहोळ-टेंभुर्णीच्या बाजूला उड्डाणपुलाचा उतार उतरताना ड्रायव्हरनं पेडल दाबलं, की ट्रॉली मागून ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

परवा आमच्या ट्रॉलीच्या चाकातला ब्रेकचा ड्रम उघडला. आत शू, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे तुकडे होते, पण त्यांच्यावरचं लायनर, म्हणजे घासणारा थर, रिव्हेटपर्यंत झिजलेलं. हबचं ऑइल सील फाटून ग्रीस शूवर उतरलेलं. केबलच्या जागी बांधकामाची तार गुंडाळलेली. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, ब्रेक आहेत की!

भीमाकाठ
मालक, तुम्ही रस्त्याचं बोलताय, मी फडातलं बोलतो. ओल्या सरीत ट्रॉली मागं घ्यावी लागते. ट्रॉलीचा जोडदांडा मागं दबला की लागणारा तो ढकल ब्रेक मागं घेतानाही लागतो, चाकं अडतात, ट्रॅक्टर जागेवर फिरतो. मग ड्रायव्हर काय करतो? ब्रेक लागूच नये असा कायमचा बांधून टाकतो. वरून एका चाकाला लागला आणि दुसऱ्याला नाही, तर ट्रॉली एका अंगाला ओढते. असल्या ब्रेकपेक्षा नसलेला बरा. खरा रोग जादा वजनाचा आहे. पैसे टनावर मिळतात, म्हणून लोक मोळ्यांचा डोंगर रचतात. वजन आणि वेग कमी करा, निम्मे अपघात तिथंच थांबतील.

लेथवर_असतो
भीमाकाठ दादांचं मागं घ्यायचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यावर इलाज आहे. दांड्यावर एक खिट्टी असते. मागं घेताना ती टाकली की ब्रेक लागत नाही, पुढं निघताना काढायची. ती मोडलेली असते, कुणी नवी करत नाही.

एका अंगाला ओढण्याचं कारण म्हणजे एकाच चाकाचं काम करून घेणं. लायनर दोन्ही बाजूंचं एकदम बदला, एकाच जातीचं घ्या. ड्रम लेथवर फिरवून गोल करा. फार पातळ झाला असेल तर फिरवू नका, टाकून द्या. सील नवं टाकल्याशिवाय लायनर मारू नका, महिन्याभरात परत ग्रीस येईल. आणि एक कळकळीनं सांगतो, जुन्या लायनरची धूळ हवेच्या नळीनं उडवू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्यानं पुसा.

जोड ट्रॉली, म्हणजे एकामागं एक दोन ट्रॉल्या असतील तर मात्र ढकल ब्रेकच्या नादाला लागू नका. तिथं हवेचे किंवा हायड्रॉलिक ब्रेक हवेत, आणि मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या किंचित आधी धरली पाहिजे, म्हणजे सगळी गाडी सरळ ताणलेली राहते.

भीमाकाठ
कॉम्प्रेसर, टाकी, नळ्या, एवढा खर्च कुणी करायचा? वाहनमालक कारखान्याकडून उचल घेऊन ऊसतोड टोळीला देतो, टोळी आली नाही तर तोच बुडतो. कारखान्यानं करार करताना ब्रेक बघावा आणि वाहतुकीच्या दरात तो खर्च धरावा. नुसतं मालकाच्या डोक्यावर टाकू नका.

माढ्याचा_शेतकरी
कारखान्यानं बघावं, हे मान्य. पण तोवर थांबायचं नाही. वेगाचंही मान्य. ताशी २० ऐवजी ३० किलोमीटरनं गेलं तर तेवढ्याच अंतरात थांबवायची ताकद सव्वादोन पट लागते. पण वजन कमी केलं तरी सात-आठ टन मागं उरतातच, आणि ते दोन टनांच्या ट्रॅक्टरनं का थोपवायचे? रस्त्याला लागताना ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेक पेडलांची पट्टी जोडा, म्हणजे दोन्ही चाकं एकदम धरतील, हेही कित्येक जण करत नाहीत. ते तर फुकट आहे.

बार्शीची_वाचक
मी कुर्डुवाडी रस्त्यानं रोज स्कूटीवरून कामाला जाते. चढाला ट्रॉली बंद पडली की चाकाखाली दगड लावतात आणि निघताना तो तिथंच सोडून जातात. संध्याकाळी अंधारात तो दगड दिसत नाही. आमच्या शेजारच्या मुलाचा हात त्यातच मोडला. उभ्या ट्रॉलीला धरून ठेवणारा हँडब्रेक असता तर तो दगड रस्त्यावर आलाच नसता. याचा विचार तुमच्या दोघांच्याही बोलण्यात नाही.

भीमाकाठ
ताई, हे पटलं. हँडब्रेक एकेरी ट्रॉलीलाही पाहिजे, त्यावर माझा वाद नाही. वजनाचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. लेथवाले भाऊ, जुन्याच ड्रमवर हँडब्रेकचा दांडा बसतो का?

लेथवर_असतो
शू आणि शू फाकवणारा कॅम शाबूत असतील तर बसतो. केबल आणि दातेरी पट्टीचा दांडा, एवढंच लागतं. पण दसऱ्याच्या आधी आणा. कारखान्याची मोळी टाकायची, म्हणजे गाळप सुरू व्हायची वेळ आली की दारात रांग लागते, आणि मग घाईत एकाच चाकाचं काम करून लोक निघून जातात.