नवा वाइडस्क्रीन टीव्ही घेतला तरी पिक्चरला वर-खाली काळ्या पट्ट्या का येतात?

रिमोटवाला_रम्या:
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये. मोठ्या हौसेने 55 इंची टीव्ही घेतला, जुन्या डब्यावर पट्ट्या यायच्या तेव्हा वाटायचं वाइडस्क्रीन घेतला की सुटलो, तर इथेही पिक्चर लावला की वर-खाली काळं! बातम्या आणि मॅच फुल स्क्रीन दिसतात, पिक्चरच तेवढा दिसत नाही. त्यातही एखादाच पूर्ण भरतो. सेटिंगमध्ये झूम केलं तर कडेला उभा असलेला माणूस अर्धा गायब, स्ट्रेच केलं तर सगळ्यांची तोंडं लांबट दुधीभोपळ्यासारखी. बाबा तर रोज म्हणतात "एवढा टीव्ही आणला आणि मधला तुकडाच बघायचा का?" टीव्हीत फॉल्ट आहे की माझ्या अकलेत?

उगाचच_एक:
झूम करून ठेव आणि विसरून जा, आमच्याकडे गेली कित्येक वर्षं तसंच चाललंय, कोणाला कळतही नाही.

प्रोजेक्टर_खोली:
टीव्ही एकदम ठणठणीत आहे रे. वाइडस्क्रीन म्हणजे एकच माप असं आपण धरून चालतो तिथेच घोळ होतो. तुझा टीव्ही 16:9 आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या 1.78 पट. मॅच, बातम्या त्याच मापात येतात म्हणून बरोब्बर बसतात. पिक्चर मात्र मुख्यतः दोन मापांत निघतात, एक 1.85 आणि दुसरं 2.39, ज्याला सगळे स्कोप म्हणतात. 1.85 वाला जवळजवळ बसतो, वर-खाली दोऱ्याएवढी पट्टी राहते, तुला जो भरलेला वाटला तो बहुतेक हाच. स्कोप मात्र इतका लांबुडका की तुझ्या टीव्हीची रुंदी पूर्ण वापरली तरी उंची 68 सेंमीपैकी जेमतेम 51 सेंमीच भरते. राहिलेला चौथा भाग काळा. झूम केलंस की तो काळा भाग जातो पण त्या बदल्यात चित्राचा साधारण तेवढाच हिस्सा दोन्ही बाजूंनी कापला जातो, तो अर्धा माणूस तिथेच गेला.

आता गंमत ऐक. आधी पिक्चर आणि टीव्ही जवळपास एकाच आकाराचे होते, पिक्चर 1.37 आणि टीव्ही 4:3 म्हणजे 1.33. मग 1950 च्या सुमारास अमेरिकेत टीव्ही घरोघरी शिरला आणि हॉलिवूडवाल्यांना घाम फुटला, घरबसल्या दिसतंय तर तिकीट कोण काढणार? म्हणून त्यांनी टीव्हीला जमणारच नाही असं काहीतरी काढलं. 1952 ला सिनेरामा आला, तीन प्रोजेक्टर शेजारी शेजारी लावून एक वाकडा अवाढव्य पडदा, पण खर्च आणि कटकट फार. 1953 ला सिनेमास्कोप आलं, त्यात शूटिंग करताना खास लेन्सने चित्र आडवं निम्म्यात दाबून नेहमीच्याच फिल्मवर घ्यायचं आणि दाखवताना प्रोजेक्टरच्या लेन्सने परत फाकवायचं. म्हणजे टीव्हीला हरवायला जो आकार शोधला तोच आपण आता टीव्हीत कोंबतोय!

आणि मला खरी चुटपुट वेगळ्याच गोष्टीची लागते. जुन्या थिएटरात आधी जाहिराती छोट्या पडद्यावर चालायच्या आणि स्कोप पिक्चर सुरू व्हायच्या आधी दोन्हीकडचे पडदे सरकून पडदा आणखी रुंद व्हायचा, अंगावर काटा यायचा. स्कोप म्हणजे मोठं असायचं. घरी बरोब्बर उलटं, सगळ्यात भव्य पिक्चर सगळ्यात बुटका दिसतो.

रिमोटवाला_रम्या:
हे भारीच, धन्यवाद दादा. पण मग टीव्ही बनवणाऱ्यांनी सरळ स्कोपच्याच मापाचे का नाही बनवले?

प्रोजेक्टर_खोली:
बनवले की, 2009 मध्ये फिलिप्सने 21:9 काढला होता, चालला नाही. कारण त्यावर मॅच, बातम्या सगळ्यालाच डावी-उजवीकडे पट्ट्या. 16:9 हा मुळात मांडवलीचा आकडा आहे. 1980 च्या दशकात कर्न्स पॉवर्स नावाच्या इंजिनिअरने सगळ्या चालू मापांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत काढून एकमेकांवर ठेवले, तर त्या सगळ्यांना सामावणारा आयत आणि सगळ्यांत सामाईक असलेला आतला आयत दोन्ही साधारण 1.77 चे निघाले. कोणाचंच पूर्ण समाधान नाही पण कोणाचंच फार नुकसानही नाही. (4:3 चा वर्ग केला की 16:9 येतो हेही मस्त जमलंय.)

कात्रीवाली:
एक भर घालते. "काळ्या पट्टीमागे लपलेलं चित्र काही नसतं" असं लोक सरसकट सांगतात ते प्रत्येक वेळी खरं नाही. बरेच 1.85 वाले पिक्चर फिल्मवर जास्त उंच शूट व्हायचे, आणि थिएटरात वरचा-खालचा भाग झाकून दाखवायचे. मग 4:3 टीव्हीसाठी तेच झाकण काढायचे, त्यामुळे टीव्हीवर उलट जास्त दिसायचं आणि कधीकधी वरून लोंबणारा माइकपण! पण दिग्दर्शकाने फ्रेम लावलेली असते ती झाकलेलीच, त्यामुळे जास्त दिसलं म्हणजे चांगलं दिसलं असं नाही. स्कोपचे हाल मात्र खरंच झाले, 4:3 साठी कोणीतरी बसून ठरवायचं की या शॉटमध्ये डावा माणूस दाखवू की उजवा, आणि निम्म्याच्या आसपास चित्र कापलं जायचं. उगाचच_एक, तुम्ही झूम करून तेच काम स्वतःच्या घरी करताय 😄

उगाचच_एक:
बरं बाई, चुकलो. पण चारही बाजूंनी काळं दिसतं तेव्हा? मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढा पिक्चर?

कात्रीवाली:
तिथे खुशाल झूम करा! कोणीतरी रुंद पिक्चर आधीच पट्ट्यांसकट 4:3 मध्ये बसवलेला असतो, मग तो 4:3 तुमच्या टीव्हीत बसताना बाजूच्या पट्ट्या पडतात. झूम केल्याने काही कापलं जात नाही, फक्त चित्र जरा भुरकट दिसेल.

रिमोटवाला_रम्या:
झूम काढून टाकलं. बाबांना थिएटरच्या पडद्याचं सांगितलं तर ते एकदम जुन्या आठवणीतच शिरले, तासभर थांबेनात. आता त्यांचं म्हणणं, जागा मोकळी आहेच तर सबटायटल तरी खालच्या पट्टीत टाका म्हणजे चेहऱ्यांवर येणार नाहीत. होतं का तसं?

प्रोजेक्टर_खोली:
काही प्लेयरमध्ये सबटायटल खाली सरकवायची सोय असते, सबटायटलच्या सेटिंगमध्ये पोझिशन असं काही दिसतंय का बघ. आणि रात्री दिवे बंद करून बघत असाल तर टीव्हीच्या मागे भिंतीवर एक मंद दिवा लावा, पट्ट्या राखाडी दिसायच्या बऱ्याच कमी होतात.