वायरकटनंतर कार्बाइड पंचाची ताकद टिकवायला कोणते फिनिशिंग करावे? मदत हवी आहे

नमस्कार. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे छोटे टूलरूम असून पातळ पत्रा कापणारे टंगस्टन कार्बाइडचे पंच आम्ही बनवतो. १२ टक्के कोबाल्टच्या एकाच ग्रेडमधून काढलेले पंच सध्या दोन तऱ्हेने वागत आहेत. डायमंड व्हीलवर ग्राइंड केलेले पंच धार बोथट होईपर्यंत चालतात, तर नुसत्या वायरकटवर (तारेच्या विद्युत ठिणगीने कापणाऱ्या मशीनवर) आकार दिलेल्या पंचांच्या कोपऱ्यांचे टवके उडतात आणि काही पंच मानेशीच तुटतात. दोहोंचा कडकपणा सारखाच भरतो, त्यामुळे माल पुरवणाऱ्याकडे बोट दाखवण्यात अर्थ दिसत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे खरा फरक सर्वांत वरच्या थरात असावा. वायरकटच्या ठिणगीने वितळलेला थर लगेच थिजतो, पण आकसताना खालचा माल त्याला धरून ठेवतो. त्यामुळे त्यात ओढीचा ताण राहतो आणि केसासारख्या भेगा पडतात. शिवाय मशीनच्या पाण्यात कोबाल्ट विरघळला, तर कार्बाइडच्या दाण्यांना धरणारा बंधच कमी होतो. याउलट, नीट ग्राइंडिंग केले की पृष्ठभागात दाबाचा ताण बसतो आणि तो भेगेला उघडू देत नाही. (व्हील बोथट असेल किंवा कूलंट अपुरे पडले, तर ग्राइंडिंगनेही भेगा पडतात, हे येथील जाणकारांना सांगायला नको.) म्हणूनच नुसत्या चकाकीवरून ताकद ठरवणे मला पटत नाही.

अडचण अशी की, काही पंचांचे प्रोफाइल इतके वेडेवाकडे आहे की तेथे व्हील पोहोचतच नाही. अशा पंचांवर रफ कटनंतर कमी ऊर्जेचे किती स्किम कट (वरचा पातळ थर काढणारे हलके फेरे) घ्यावेत, आणि उरलेला थर हिऱ्याच्या पेस्टने लॅपिंग करून (घासून) पूर्ण काढता येतो का? लॅपिंगने भेगा गेल्या तरी दाबाचा ताण फारसा मिळत नसेल, तर शेवटी बारीक ग्रिटचे ब्लास्टिंग (कणांचा जोराने मारा) करणे योग्य ठरेल का, की त्यात धारच गोल होईल?

आणखी एक शंका कोटिंगची आहे. सुमारे १००० अंश सेल्सिअसच्या सीव्हीडीमध्ये (वायूंच्या रासायनिक क्रियेने कोटिंग बसवण्याच्या पद्धतीत) ग्राइंडिंगने बसलेला दाबाचा ताण सैल पडतो, म्हणून आम्ही कमी तापमानाच्या पीव्हीडीचा (निर्वातात वाफेतून कोटिंग बसवण्याच्या पद्धतीचा) विचार करत आहोत. मात्र वायरकटचा थर खाली तसाच ठेवून त्यावर कोटिंग टिकेल, असे वाटत नाही. आयएसओ ३३२७ प्रमाणे वाकवून तोडण्याची चाचणी कोणी दोन्ही प्रकारच्या नमुन्यांवर करून घेतली असल्यास, फिनिशिंगचा क्रम आणि मिळालेले आकडे कृपया येथे द्यावेत.