मदत हवी आहे: दादाच्या मेंदूत नळी घालणार म्हणतात, सही करावी का?

धाकटा_पुणे: दादा कोलोनला असतो. मोठा स्ट्रोक झालाय. आज कवटीचा तुकडा काढणार आहेत. त्यासोबत मेंदूवर पट्टी आणि आत एक नळी, त्याची वेगळी सही मागतायत. वहिनी तिथे एकटी, फॉर्म जर्मनमध्ये. दोन तासांत सांगायचंय. हो की नाही, एवढंच सांगा.

खडूस_काका: वय? बाजू कुठली? स्ट्रोक होऊन किती तास झाले? माहिती न देता हो-नाही कसं सांगणार?

धाकटा_पुणे: वय ४६. डावा हात-पाय गेलाय. काल पहाटे झालं.

रात्रपाळी: न्यूरो आयसीयूत काम करते. कवटीच्या ऑपरेशनला उशीर नको. २००७ साली युरोपातल्या तीन चाचण्या एकत्र मांडल्या होत्या, साठीच्या आतले रुग्ण, ४८ तासांत ऑपरेशन. वर्षानंतर शंभरातले ७८ जिवंत, न केलेल्यांत २९. अपंगत्व राहू शकतं, हे वहिनींना आत्ताच सांगा.
पट्टी म्हणजे इलेक्ट्रोड, मेंदूतली विजेची हालचाल टिपणारे. इजा झालेल्या मेंदूत पेशींचा चार्ज उतरण्याची घातक लाट मिनिटाला २ ते ५ मिलिमीटर वेगाने सरकते, ती दिसते. नळीतून मिनिटाला ०.३ मायक्रोलिटर द्रव फिरतो, तो मेंदूतले पदार्थ सोबत आणतो. सिस्टर दर तासाला इवलीशी कुपी बदलते, त्यात अर्धा थेंबही नसतो. त्यात ग्लुकोज आणि पेशी ते वापरताना तयार होणारे लॅक्टेट, पायरुवेट मोजतात. लॅक्टेट-पायरुवेटचं गुणोत्तर ४० वर गेलं की पेशी अडचणीत.

आयुर्वेदप्रेमी: सासऱ्यांना ब्राह्मी घृताचं नस्य दिलं, महिन्यात बोलायला लागले. मेंदूत नळ्या कशाला?

खडूस_काका: व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या नाकात तूप घालायला सांगताय?

आयुर्वेदप्रेमी: तुमच्यासारख्यांमुळेच आपली विद्या मागे पडली.

टेक्नोबाबा: साधा ईईजी (डोक्यावर तारा चिकटवून मेंदूच्या विजेची नोंद) करा की, डोक्याला भोक नको.

रात्रपाळी: तो हवाच, लपलेल्या फिट्स त्यात सापडतात. पण ही लाट डोक्याच्या कातडीवरून सहसा धड दिसत नाही. कवटी उघडतायतच तर पट्टी तेव्हाच बसते, नंतर खाटेवरच अलगद ओढून काढतात. जंतुसंसर्ग, रक्तस्राव यांचा थोडा धोका असतो. धाकटे, फॉर्म उपचाराचा की संशोधनाचा? आणि डॉक्टरांना विचारा, आकडा बिघडला तर तुम्ही वेगळं काय कराल?

राईनकाठ: १ जानेवारी २०२३ पासून जर्मनीत जोडीदाराला आणीबाणीत सहा महिने उपचारांचे निर्णय घेता येतात. संशोधनाचं वेगळं, ते विचारा. दुभाषाही मागा, संकोच नको. आणि व्हिसाला आजच लागा.

धाकटा_पुणे: ऑपरेशनची सही झाली, दादाला आत नेलं. दुसरा फॉर्म संशोधनाचाच निघाला. वहिनीने तो प्रश्न विचारला. म्हणाले, रक्तदाब, ताप, साखर अधिक काटेकोर सांभाळू, पण लाट थांबवायचं खात्रीचं औषध नाही. नाही म्हटलं तरी उपचार तेच. निदान खरं बोलले. कायद्याचंही विचारून तिने सही केली. एक सांगायचं राहिलं, दादा डावखुरा आहे. बोलण्यावर फरक पडेल?

रात्रपाळी: बहुतेक डावखुऱ्यांचंही बोलणं डाव्या मेंदूत असतं, त्याचा उजवा गेलाय. पण खात्री जागा झाल्यावरच.

टेक्नोबाबा: मुंबई-फ्रँकफर्ट तिकीट सध्या कितीला पडतंय?