सोलापुरात काम अन गेमिंग दोन्हीसाठी पीसी जुळवायचाय

चादरवाला: टॉवेल-चादरीच्या जॅकार्ड (विणूनच काढलेल्या नक्षीच्या) डिझाईनचं काम आहे, दिवसभर फोटोशॉप अन रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट, कधी जीटीए हे गेम. मॉनिटर आहे. दुकानदार आय९ (इंटेलचा महागडा प्रोसेसर) घ्याच म्हणतोय, घ्यावं का?

बे_एके_बे: आय९ कशाला बे? एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर बघ, ६ कोर, ६५ वॅट, कूलर बॉक्समध्येच येतो अन एएम५ सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) असल्यानं पुढं बोर्ड न बदलता नुसता प्रोसेसर बदलता येतो. वाचलेले पैसे ३२ जीबी रॅम अन आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्डमध्ये घाल, मोठ्या डिझाईन फाईली रॅमच खातात.

उन्हाळा४२: कॅबिनेट पुढनं जाळीचं घ्या, काचेचं बंद दिसायला भारी पण आपल्याकडं मे महिन्यात आत भट्टी होते. कारखान्याजवळ बसत असाल तर सुताची धूळ फॅनमध्ये जाते, डस्ट फिल्टर पाहिजेच. अन यूपीएस प्युअर साइन वेव्हचा (घरच्या लाईटीसारखा सुरळीत करंट देणारा) घ्या, स्वस्तातल्यावर लाईट गेली की काही पॉवर सप्लाय पटकन बंद पडतात.

चादरवाला: आत्ता रॅमची १६ जीबीची एकच स्टिक टाकून नंतर दुसरी घेतली तर चालंल का?

बे_एके_बे: चालतंय, पण तोवर ड्युअल चॅनल (दोन स्टिक जोडीनं चालणं) नाही म्हणून गेममध्ये फ्रेम थोडे कमी पडतील. दुसरी सेम मॉडेलचीच घे.